विश्लेषण : इंजिन घरचे की दारचे? मलेशियाच्या ‘प्रोटॉन’ने स्वतःचे इंजिन का सोडले?

मलेशियाची ‘राष्ट्रीय मोटार कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोटॉनने २०२५च्या अखेरीस ‘सागा’ या लोकप्रिय छोट्या मोटारीची नवी आवृत्ती आणली. तिच्या बॉनेटखाली चीनच्या ‘जीली’ कंपनीचे १.५ लिटर इंजिन आहे. याआधीच्या सागामध्ये प्रोटॉनचे स्वतःचे ‘कॅमप्रो’ इंजिन होते. दमदार मोटारींसाठी प्रोटॉनने परक्या इंजिनाचा आधार आधीच घेतला होता. आता घराघरांतील साध्या मोटारीतही तेच झाले. स्वतःचे इंजिन बनवण्याचा हट्ट धरावा की तयार इंजिन घ्यावे, हा प्रश्न या कंपनीला चार दशके सतावत आला आहे.

प्रोटॉन ‘राष्ट्रीय’ कंपनी कशी?

तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांच्या पुढाकाराने १९८३मध्ये प्रोटॉनची स्थापना झाली. रबर, पामतेल आणि कथिल विकणाऱ्या देशाने उद्योगप्रधान व्हावे, स्थानिक अभियंते आणि पुरवठादार घडावेत, हा त्यामागचा हेतू होता. जुलै १९८५मध्ये पहिली सागा बाजारात आली. ती मित्सुबिशीच्या ‘लान्सर फिओरे’वर बेतलेली होती आणि इंजिनही मित्सुबिशीचेच होते. आयात मोटारींवरील जबर करांच्या संरक्षणामुळे नव्वदच्या दशकात मलेशियात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारी प्रोटॉनच्या असत. नाव, बोधचिन्ह आणि कारखाना मलेशियाचा. पण मोटारीचे काळीज जपानी, अशी स्थिती होती.

स्वतःच्या इंजिनाची गरज का वाटली?

इंजिन दुसऱ्याचे असले की कोणती मोटार कधी आणायची, किती ताकदीची आणायची आणि कुठे विकायची, यावर मर्यादा येतात. भागीदार साधारणपणे आपले नवे तंत्रज्ञान आधी स्वतःच्या मोटारींत वापरतो. प्रोटॉनने १९९६मध्ये ब्रिटनच्या ‘लोटस’ या स्पोर्ट्स कार कंपनीचा ताबा मिळवला, तेव्हा या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग दिसू लागला. लोटसकडे इंजिन आणि सस्पेन्शनमधील नावाजलेले अभियंते होते. मात्र २०००मध्ये आलेली ‘वाजा’ ही स्वतः आरेखित केलेली मोटार प्रोटॉनला मित्सुबिशीच्या १.६ लिटर इंजिनासह विकावी लागली, कारण स्वतःचे इंजिन तयार नव्हते. पुढे वाजाच्या १.८ लिटर आवृत्तीसाठी रेनॉचे इंजिन घेतले गेले.

कॅमप्रो कमी कुठे पडले?

लोटसच्या मदतीने घडवलेले १.६ लिटर कॅमप्रो २००४मध्ये ‘जेन-२’ मोटारीतून आले. सुमारे ११० अश्वशक्ती हा आकडा त्या काळी कमी नव्हता. अडचण वेगळीच होती. अडीच ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास त्याचा टॉर्क, म्हणजे चाकांना ओढणारी ताकद, खाली येत असे. शहरात गाडी चालवताना इंजिन नेमके याच टप्प्यात असते. त्यामुळे कागदावर दमदार असलेले इंजिन रस्त्यावर मंद वाटू लागले.

प्रोटॉनने दुरुस्त्या केल्या. व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत बदलणाऱ्या यंत्रणेसह ‘सीपीएस’ आवृत्ती आली आणि ताकद सुमारे १२५ अश्वशक्तीपर्यंत गेली. २०११च्या अखेरीस ‘एक्झोरा बोल्ड’मधून टर्बो लावलेली ‘सीएफई’ आवृत्ती आली. सुमारे १४० अश्वशक्ती आणि २०५ न्यूटन मीटर टॉर्क ही तिची ताकद.

येथे एक तुलना बोलकी ठरते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘सट्रिया जीटीआय’ या चाहत्यांच्या लाडक्या मोटारीत मित्सुबिशीचे १.८ लिटर इंजिन होते आणि त्याची ताकदही सुमारे १४० अश्वशक्तीच होती. टॉर्कमध्ये सीएफई सरस होते, हे खरे. पण अश्वशक्तीचा जो आकडा उसन्या इंजिनाने सहज दिला, तिथवर घरचे इंजिन पोहोचायला दशकाहून अधिक काळ गेला.

मग प्रोटॉनने हार का मानली?

यामागे अभियांत्रिकीपेक्षा मोठे कारण संख्येचे आहे. नवे इंजिन विकसित करणे, त्याच्या चाचण्या घेणे आणि दर काही वर्षांनी प्रदूषणाच्या कडक होणाऱ्या निकषांत ते बसवणे यासाठी प्रचंड खर्च येतो. तो लाखो मोटारींवर विभागला गेला तरच परवडतो. प्रोटॉनची विक्री मात्र घसरत होती. २००६मध्ये ‘पेरोडुआ’ या देशातील दुसऱ्या राष्ट्रीय कंपनीने तिला मागे टाकले. पेरोडुआने जपानच्या दाइहात्सूची इंजिने वापरली आणि स्वस्त, किफायतशीर छोट्या मोटारींवर लक्ष दिले.

प्रोटॉनची मात्र दोन्हीकडे ओढाताण झाली. ‘पेट्रोनास’ या सरकारी तेल कंपनीचे इंजिन तंत्रज्ञान तिने २०१२मध्ये विकत घेतले. त्यातून विक्रीच्या मोटारीसाठी इंजिन काही आले नाही. २०१६मध्ये ‘पर्डाना’ ही मोठी मोटार होंडाच्या इंजिनांसह आणावी लागली. त्याच वर्षी सरकारने प्रोटॉनला १.५ अब्ज रिंगिटचे कर्ज दिले आणि परदेशी भागीदार शोधण्याची अट घातली. २०१७मध्ये जीलीने प्रोटॉनचा ४९.९ टक्के आणि लोटसचा ५१ टक्के हिस्सा घेतला. प्रोटॉन विकसित करत असलेली नव्या पिढीची टर्बो इंजिने यानंतर बाजूला पडली.

जीलीच्या इंजिनाने काय बदलले?

२०१८च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘एक्स ७०’मध्ये जीलीचे १.८ लिटर टर्बो इंजिन होते. २०२०च्या ‘एक्स ५०’मध्ये जीली आणि व्होल्वो यांनी मिळून घडवलेले तीन सिलिंडरचे १.५ लिटर टर्बो इंजिन आले. त्याची वरची आवृत्ती १७७ अश्वशक्ती आणि २५५ न्यूटन मीटर टॉर्क देते. कॅमप्रो सीएफईपेक्षा एक सिलिंडर कमी, आकार लहान आणि ताकद बरीच जास्त.

लहान आकाराचा फायदा करातही होतो. मलेशियात खासगी पेट्रोल मोटारींचा रस्ताकर इंजिनाच्या आकारावर ठरतो. द्वीपकल्पीय मलेशियात १६०० सीसीपर्यंतच्या १.५ लिटर मोटारीला वर्षाला ९० रिंगिट भरावे लागतात. १७९९ सीसीच्या मोटारीला सुमारे २८० रिंगिट. कमी कर आणि जास्त ताकद हे गणित ग्राहकाला लगेच पटले.

परिणाम विक्रीत दिसला. २०१८मध्ये सुमारे ६४ हजार मोटारी विकणारी प्रोटॉन २०२३मध्ये दीड लाखांच्या पुढे गेली. जीलीने एकट्या २०१८मध्ये १५ लाख मोटारी विकल्या होत्या. इंजिनाचा खर्च कोणाला पेलतो, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

यात गमावले काय?

१.५ लिटर टर्बो इंजिनाची जुळणी आता मलेशियातील तंजुंग मलिम येथेही होते. त्यामुळे रोजगार आणि सुट्या भागांचे काम देशात येते. पण जुळणी करणे आणि इंजिन मुळातून घडवणे यांत फरक आहे. सिलिंडरचा आकार, टर्बोची निवड आणि पुढच्या पिढीचा निर्णय चीनमध्ये होतो. कॅमप्रोवर काम करताना मलेशियाचे अभियंते चुकत-माकत जे शिकले, ते शिकण्याची संधी जुळणीच्या कामात मिळत नाही. महाथीर यांच्या स्वप्नातील प्रोटॉन नेमकी ही शाळा होती.

महाराष्ट्राला हा अनुभव आहे का?

आहे. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे टाटा आणि फियाट यांच्या संयुक्त प्रकल्पात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. टाटाच्या अनेक मोटारींना त्याने बळ दिले. मात्र २०२०मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू झाले, तेव्हा हे इंजिन त्यानुसार सुधारले गेले नाही आणि त्यावर चालणाऱ्या मोटारींचे डिझेल पर्याय बंद झाले. टाटाची ‘नेक्सॉन डिझेल’ टिकली, कारण तिचे १.५ लिटर इंजिन कंपनीच्या हातात होते. दुसरीकडे, त्याच रांजणगावच्या २ लिटर फियाट इंजिनाने २०१९पासून ‘हॅरियर’ला उभे केले. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या ‘सिएरा’साठी मात्र टाटाने स्वतःचे १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन पुढे केले. उसने इंजिन वेळ आणि पैसा वाचवते. ते कधी थांबवायचे, हे मात्र देणारा ठरवतो.

पुढे काय?

आता मोठ्या कंपन्याही इंजिनाचा खर्च वाटून घेत आहेत. रेनॉ आणि जीली यांनी २०२४मध्ये ‘हॉर्स पॉवरट्रेन’ ही इंजिने बनवणारी वेगळी कंपनी स्थापन केली. त्यामुळे प्रोटॉनचा निर्णय आज व्यवहार्य वाटतो. परंतु प्रोटॉनची २०२४च्या डिसेंबरमध्ये आलेली ‘ई.मास ७’ ही विद्युत मोटारही जीलीच्याच रचनेवर बेतलेली आहे. इंजिनाच्या जागी बॅटरी, मोटर आणि सॉफ्टवेअर आले तरी प्रश्न तोच आहे. फक्त जुळणी करायची, की निदान एखादा महत्त्वाचा भाग स्वतः घडवण्याची क्षमता राखायची, हे प्रोटॉनला आताच ठरवावे लागेल. ‘राष्ट्रीय’ हे बिरुद बोधचिन्हापुरते उरणार की नाही, ते त्यावर अवलंबून असेल.