किमतीवरचा कर आणि विकणाऱ्याचा अदमास

लॉस एंजेलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेला आणि १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेला मिळकत-हस्तांतरणावरील जादा कर, ज्याला लोक 'हवेली-कर' म्हणतात, त्याचा बेघरांस निवारा देण्याचा हेतू आम्हांस सर्वस्वी आदरणीय वाटतो. परंतु मोठे घर विकावयास निघालेला गृहस्थ देण्याचा अदमास बांधताना ज्या गोष्टीवर हटकून चुकतो, तिचा उच्चार येथे अगत्याचा आहे. हा कर नफ्यावर नसून संपूर्ण किमतीवर आहे. घर तोट्यात विकले तरी तो टळत नाही, आणि दलाली वा कर्जफेड त्यातून वजा होत नाही. मूळ तरतुदीप्रमाणे पन्नास लाख डॉलरांपर्यंत तो शून्य, त्यापुढे ४ टक्के, आणि एक कोटीपासून ५.५ टक्के, म्हणजे ४९ लाख ९० हजारांच्या खरेदीखतावर जादा कराची कवडीही नाही, पण ५० लाख १० हजारांच्या खतावर तब्बल २ लाख ४०० डॉलर! शहराचा ०.४५ व काउंटीचा ०.११ टक्के हा जुना कर निराळाच. मर्यादा दरसाल महागाईप्रमाणे सरकते, सबब बयाणा स्वीकारण्यापूर्वी चालू सालचा आकडा पाहून घ्यावा. वीस हजार अधिक मिळाल्याबद्दल दोन लाख द्यावे लागणे हा न्याय नव्हे. प्राप्तिकराप्रमाणे मर्यादेपलीकडील रकमेवरच आकारणी व्हावी, एवढी दुरुस्ती नगरीने विनाविलंब करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.