उतरवता येईल तेवढेच शीड

डिसेंबर ते मार्च हे मुंबईहून गोव्याला उतरण्याचे दिवस. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा दहा-अकराच्या सुमारास पडतो, तासभर समुद्र सुस्त होतो आणि दुपारी वायव्येचा वारा धरतो. कोकणचा किनारा सरळ दक्षिणेला जात नाही, किंचित आग्नेयेकडे झुकतो. त्यामुळे खाली जाणाऱ्या बोटीला हा वारा उजव्या बाजूने, मागच्या कोनातून मिळतो. असिमेट्रिक स्पिनेकरसाठी याहून चांगला वारा मागूनही मिळायचा नाही. म्हणूनच हल्ली सफरीच्या बोटींवर हे शीड सर्रास दिसू लागले आहे, आणि ते पाहून आम्हाला आनंदच होतो. वारा असताना इंजिन लावून किनारा उतरणे हा दर्यावर्दीपणा नव्हे.

काळजी वेगळीच आहे. शीड घेताना त्याचे क्षेत्रफळ, कापडाचे वजन, रंग यांची चौकशी होते. ते खाली कोण घेणार, हे कोणी विचारत नाही. चाळीस फुटी बोटीचा असिमेट्रिक शंभर चौरस मीटरच्या पुढे जातो, म्हणजे मुंबईतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटहून मोठे कापड. ते हाताळायला शर्यतीच्या बोटीवर सहा-आठ माणसे असतात. सफरीच्या बोटीवर बहुधा नवरा-बायको किंवा दोन मित्र असतात, आणि त्यातला एक झोपलेला असतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की पाठवाऱ्याच्या शिडाचे माप बोटीच्या लांबीवरून न ठरवता, पाळीवर असलेला माणूस एकट्याने काय उतरवू शकेल यावरून ठरवावे.

या शिडाचा खरा धोका असा, की ते धोका जाणवू देत नाही. खरा वारा सोळा नॉट आणि बोट सात नॉटने थेट वाऱ्यापुढे पळत असेल, तर डेकवर जाणवतो फक्त नऊ नॉटचा वारा. चहा सांडत नाही, सगळे खुशीत असतात. एखाद्या लाटेने बोटीचे ढुंगण फेकले आणि ती वाऱ्याला आडवी झाली, तर वेग तोच असला तरी जाणवणारा वारा साडेसतरा नॉट होतो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे काही सेकंदांत जवळपास चौपट. सुकाणू पाणी सोडते आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून कलंडते. हिलाच आपण ब्रोच म्हणतो. तेव्हा वाऱ्याच्या काट्यावर भिस्त ठेवायची असेल तर ‘खरा वारा’ दाखवणारा आकडा पाहा. दोघांच्या बोटीवर तो पंधरावर गेला की शीड खाली, हे आमचे मत. पंधरा हा आकडा कोणाला भित्रा वाटेल. आमचा वाद आकड्याशी नाहीच. प्रत्येकाने आपला आकडा किनाऱ्यावर असतानाच ठरवावा आणि लॉगबुकात लिहून ठेवावा. दुपारी चार वाजता, वारा चढत असताना आणि बोट मस्त पळत असताना ठरवलेला आकडा नेहमी दोन-तीन नॉटांनी वरच सरकतो.

आता उतरवण्याची गोष्ट. सॉक घेतला म्हणजे प्रश्न मिटला, असा समज फार पसरला आहे. भरलेल्या शिडावर सॉक खाली येत नाही, कितीही जोर लावा. आधी शिडातला वारा काढावा लागतो. त्यासाठी बोट हळूहळू वाऱ्यापुढे आणा, म्हणजे स्पिनेकर मेनसेलच्या आडोशाला येतो. मग शीट पुरती ढिली करा. शीड फडफडू लागले, की मगच सॉकचा दोर ओढा, हातावर हात टाकत, तळहाताला वेढा न देता. एवढ्याने वारा निघत नसेल तर टॅक लाइन सोडा. ती कॉकपिटपर्यंत आणलेली असेल तर सुकाणूवरचा माणूसच ती सोडू शकतो आणि नाळेवरच्या माणसाला ताणाखालच्या शॅकलजवळ हात न्यावा लागत नाही. काहीजण स्पिनेकरला मोकळा वारा मिळावा म्हणून मेनसेल गुंडाळून ठेवतात. लांब पल्ल्यात त्याचा फायदा असतो, पण उतरवतानाचा आडोसाही त्याबरोबर जातो. दोघांच्या बोटीवर मेनसेल वर आणि बूमला प्रिव्हेंटर बांधलेला, हीच रचना आम्ही सुचवू.

दोरांविषयी दोन गोष्टी. स्पिनेकरच्या शीटच्या टोकाला गाठ मारू नका. इतर शिटांना आपण सवयीने आठाची गाठ मारतो. इथे मात्र सगळे हाताबाहेर गेले तर दोर सरसर निघून जाता आला पाहिजे. आणि हॅलियार्डचा क्लच उघडण्याआधी दोराचे तीन वेढे विंचला दिलेले असू द्या. ताणाखालचा क्लच थेट उघडला, तर दोर तळहाताची कातडी घेऊन जातो. शीड पाण्यात पडलेच, तर ते डेकवर पूर्ण येऊन प्रत्येक दोर डोळ्यांनी मोजल्याशिवाय इंजिनला हात लावू नका. प्रॉपेलरला गुंडाळलेली शीट सोडवायला किनाऱ्याजवळच्या लाटांत उडी मारणे हे दुसरे संकट.

वरून खाली गुंडाळणारा फर्लर सॉकपेक्षा सोपा वाटतो, आणि मंद वाऱ्यात तो असतोही. पण त्यालाही आधी वारा काढलेले शीडच लागते. घाईत गुंडाळलेल्या शिडात मधे हवेची पिशवी राहते आणि पुढच्या झोताला ती फुगते. गुंडाळलेला स्पिनेकर रात्रभर वर टांगून ठेवणे तर साफ चूक. तो डेकवर आलाच पाहिजे.

आपल्या किनाऱ्यावर यात जाळ्यांची भर पडते. उत्तर कोकणात खुंटांना बांधलेली डोल जाळी, त्याखाली जागोजागी बोये, आणि त्यांतल्या कितीतरी बोयांवर दिवा नसतो. स्पिनेकर लावलेली बोट अचानक वळवता येत नाही. उजवीकडे, समुद्राच्या बाजूला वळाल तर जाणवणारा वारा वाढून ब्रोचच्या दिशेने जाल; डावीकडे तीसेक अंशांहून जास्त वळाल तर जाइब होईल. ही जाळी लावणाऱ्या कोळी बांधवांचे पोट त्यांवर आहे. चुकवण्याची जबाबदारी फिरायला निघालेल्या आपली. म्हणून दिवेलागणीच्या आधी स्पिनेकर पिशवीत, यात तडजोड नको. खरे तर वायव्येचा वारा दुपार कलताना सर्वांत जोरात असतो आणि त्याच वेळी माणसे थकलेली असतात. तीन वाजताच निर्णय घ्या.

रात्रीचे काय? स्पिनेकर पोल किंवा व्हिस्कर पोलने बाहेर धरलेला जेनोआ. हा कमीपणा मानणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. आयर्लंडच्या ऑटवे वॉलर यांनी 1930 साली ‘इमोजेन’ या आपल्या बोटीवर दोन जुळी शिडे दोन बाजूंना पोलने धरली आणि त्यांचे दोर सुकाणूला जोडून बोट आपोआप वाऱ्यापुढे चालवली. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात हजारो मैल जाणारे सफरी खलाशी आजही जुळी शिडे वापरतात. फर्लरवरचा जेनोआ वारा वाढला की कॉकपिटमधून एका दोराने कमी करता येतो. त्यासाठी झोपलेल्याला उठवावे लागत नाही आणि अंधारात कोणाला नाळेवर जावे लागत नाही. वेगात अर्धा-पाऊण नॉट जाईल. जाऊ द्या. जयगड दोन तासांनी उशिरा आले म्हणून काही बिघडत नाही.

सराव मात्र टाळू नका. या महिन्यात एखाद्या सकाळी, वारा आठ नॉटांच्या आत असताना, मांडव्याच्या बाहेर मोकळ्या पाण्यात जा आणि शीड चढवून-उतरवून पाहा, हात बसेपर्यंत. लाइफ जॅकेट आणि हार्नेस घालूनच, कारण प्रत्यक्षात तेच अंगावर असणार. मग जागा बदला. नेहमी सुकाणूवर बसणाऱ्याने नाळेवर जावे आणि नेहमी ‘मी फक्त दोर धरते’ म्हणणाऱ्या जोडीदाराने सगळे एकट्याने करून पाहावे. तिला किंवा त्याला ते शीड एकट्याने खाली घेता आले नाही, तर यंदाच्या सफरीला ते घरीच ठेवा आणि शीड शिवणाऱ्याकडून लहान करून घ्या.