रात्रीच्या राखणीतील औष्णिक दुर्बीण

2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात हत्ती उतरले, आणि त्यापुढच्या वर्षांत गवे व रानडुकरे यांच्यामुळे सिंधुदुर्गातील काजू, माड व वायंगणी भाताची राखण हा रात्रभराचा उद्योग होऊन बसला. त्यामुळे अंधारातही जनावराच्या अंगातील उष्णतेवरून चित्र उभे करणाऱ्या औष्णिक दुर्बिणींकडे, म्हणजे व्यवहारातील ‘थर्मल’कडे, वनकर्मचारी आणि बागायतदार या दोघांचेही लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मात्र या साधनांची बाजारात होणारी तुलना प्रामुख्याने बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणींची असते, आणि तिचे निकष परदेशातील परवानाधारक शिकाऱ्याच्या गरजेतून आलेले असतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्याची परवानगीही त्याच कायद्याच्या चौकटीत, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळू शकते. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेली ठासणीची बंदूक म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

तुलना करायचीच असेल तर ती पल्ल्याच्या आकड्यावरून करू नये. या दुर्बिणीतील संवेदक, म्हणजे उष्णतेचे प्रारण टिपणारी पट्टिका, हजारो सूक्ष्म बिंदूंची बनलेली असते आणि साधी काच हे दीर्घ तरंगांचे प्रारण अडवत असल्याने तिच्यापुढील भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे असते. बिंदूंमधील अंतर 12 मायक्रॉन आणि भिंगाचे नाभीय अंतर 35 मिलिमीटर असेल, तर 300 मीटरवर एक बिंदू सुमारे 10 सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे 80 सेंटिमीटर उंचीचे डुक्कर तेथे जेमतेम आठ बिंदूंत मावते, आणि काजूच्या झाडाखाली उकिडवा बसलेला राखणदारही तितक्याच बिंदूंत मावतो. जॉन्सन या संशोधकाने 1958 मध्ये मांडलेल्या निकषांनुसार काहीतरी आहे एवढे कळण्यास दोन, त्याचा प्रकार कळण्यास आठ आणि नेमकी ओळख पटण्यास सुमारे तेरा बिंदू लागतात, आणि तेही निम्म्याच वेळा यश येईल या हिशेबाने. हा हिशेब लावला तर 1,100 मीटरहून अधिक पल्ल्याची म्हणून विकली जाणारी हीच दुर्बीण त्या डुकराची ओळख 180 मीटरच्या आतच पटवू शकते. या दोन अंतरांमधल्या पट्ट्यात दिसणारा पांढरा ठिपका जनावर समजून चाप ओढला जाणे ही माणसाच्या जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

याच कारणाने या मासिकाचे मत स्पष्ट आहे: राखणीसाठी आणि वनविभागाच्या जलद कृती दलासाठी बंदुकीवरची नव्हे, हातात धरायची दुर्बीणच घ्यावी. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळायचे तर दिसेल त्या प्रत्येक उबदार वस्तूवर नळी रोखावी लागते, आणि ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथील जाणते शिकारीही शोधासाठी वेगळी हातातली दुर्बीण वापरतात. हातातल्या दुर्बिणीतून हत्ती वाडीच्या कोणत्या बाजूने येतो आहे हे वेळीच कळले, तर वाडीला सावध करता येते आणि त्याची वाटही मोकळी ठेवता येते.

कोकणच्या हवेचा विचार तर बाहेरच्या तक्त्यांत नसतोच. दिवसभर तापलेला जांभ्याचा सडा संध्याकाळनंतर बराच वेळ ऊब सोडत राहतो, त्यामुळे उघड्या कातळावर जनावर उठून दिसत नाही. पावसात मात्र सारे रान एकाच तापमानाला येते, धुके व सरी प्रारण गिळतात, आणि ओली घोंगडी पांघरलेल्या माणसाची उष्णता इतकी झाकली जाते की तो चित्रात जवळपास विरून जातो. दाट पानांच्या आडचे तर कोणत्याही किमतीच्या थर्मलला दिसत नाही. अशा वेळी तापमानातील सूक्ष्म फरक टिपण्याची क्षमता, जी मिलिकेल्विन या एककात, म्हणजे एका अंशाच्या हजाराव्या भागात सांगितली जाते, ती पल्ल्यापेक्षा अधिक मोलाची ठरते आणि हा आकडा जितका लहान तितके साधन चांगले. खरेदीपूर्वी साधनाची चाचणी दुकानाच्या दारात न घेता आषाढातल्या रात्री प्रत्यक्ष बागेत, घोंगडी पांघरून बसलेल्या सहकाऱ्यावर घ्यावी, आणि तो माणूस आहे हे किती मीटरपर्यंत निःशंकपणे सांगता येते ते अंतर नोंदवून साधनाच्या पेटीवर लिहून ठेवावे.