आधी पत्रा, मग यंत्र

खानदेशातून सुरतेस गेलेली कितीतरी माणसे पांडेसऱ्यात डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये राबतात आणि पत्र्याच्या खोलीत झोपतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे गेलो, तेव्हा त्यांनी हौसेने जळगावाहून कूलर आणवला होता. जळगावच्या कोरड्या वैशाखात तो खोली गार करतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. सुरतेची हवा समुद्राजवळची, आधीच दमट. तेथे वाफ होणार कितीशी? गादी मात्र ओली झाली!

मग एसीवाला आला. दारातूनच खोली पाहून ‘दीड टन’ म्हणून मोकळा झाला. एक टन म्हणजे ताशी सुमारे १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद. पण आत उष्णता येते ती मुख्यतः पत्र्यातून, आणि याने मान वर करून पत्रा पाहिलाही नाही! असल्या कारागिराला, माझ्या मते, चहा पाजून वाटेला लावावे. २०१० पासून एसीवर ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झाली; विजेच्या खर्चासाठी ती वाचावीच. तापल्या पत्र्यावर मात्र तिचा इलाज नाही.

“मामा, आधी पत्र्याला चुना मारा, आतून छत ठोका,” मी म्हटले. मामा हसले, पण रविवारी चुन्याची पिशवी घेऊन आले.