घरचा हुन्नर : ग्राइंडरला बफ लावताना



आपल्या अनेक घरांत हातात कसब आहे, पण जागा नाही आणि भांडवलही नाही. तेव्हा एकाच यंत्राकडून दोन कामे करून घ्यावीत असे वाटणे साहजिक आहे. टेबलावर बसवायचा ग्राइंडर घरी असेल, तर त्यालाच कापडी बफ लावून पितळी मूर्ती, मेणबत्तीचे स्टँड, कड्या-कोयंडे, सुऱ्यांच्या मुठी चकाकवून चार पैसे मिळवता येतील काय? येतील. मात्र त्याआधी यंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट वेगाची. आपल्याकडच्या विजेवर साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतो. सहा इंची बफची कड त्या वेगाने मिनिटाला सुमारे १३४० मीटर धावते, तर आठ इंची बफची सुमारे १७९० मीटर. म्हणजे फेरे तेवढेच, पण चाक मोठे झाले की कडेचा वेग वाढतो. वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर इथे उपयोगी पडतो. तो २००० फेऱ्यांवर आणला की सहा इंची कड सुमारे ९४० मीटरवर येते. प्लॅस्टिक, पातळ पत्रा आणि शेवटचा हात यासाठी हा वेग बरा. जास्त वेगाने प्लॅस्टिक वितळते आणि पत्रा तापून रंग बदलतो. पितळ-तांब्याचे ओरखडे काढताना वेग वाढवावा.

काही जण साध्या ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर जोडतात. तसे करू नये. मोटारीचा जोर जातो आणि ती तापून जळते.

दुसरी गोष्ट जागेची. ग्राइंडरचा दांडा आखूड असतो, त्यामुळे बफ मोटारीला खेटून फिरतो आणि वाकडी-तिकडी वस्तू मोटारीच्या अंगावर आपटते. म्हणून लहान वस्तूच घ्याव्यात. बफसाठी लोखंडी आडोसा काढावा लागला, तर त्या बाजूला पुन्हा दगडी चाक बसवण्यापूर्वी आडोसा जागेवर आलाच पाहिजे. दगड फुटला तर तुकडे अडवणारा तोच असतो. एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला बफ असे ठेवले, तर दगडाची कच बफमध्ये शिरून ओरखडे पडतात आणि ठिणगीने कापसाची लव पेट घेऊ शकते. काम वाढले की दोन्ही बाजूंना बफच ठेवावेत. डाव्या टोकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, तो नेहमीच्या दिशेने पिळून आटे खराब करू नयेत.

पॉलिशच्या वडीचे रंग लक्षात ठेवावेत. तपकिरी वडी पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांचे ओरखडे काढते. लाल वडी शेवटची चकाकी देते. हिरवी स्टेनलेस स्टीलसाठी. प्रत्येक वडीला वेगळा बफ ठेवावा. कल्हई केलेल्या भांड्याला आतून बफ लावू नये, कल्हई निघून जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्र टेबलाला बोल्टने घट्ट आवळावे, तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग हवेच. चाकाची पुढची बाजू खाली धावते. म्हणून वस्तू नेहमी चाकाच्या मध्यरेषेखाली धरावी, म्हणजे हातातून सुटली तर ती जमिनीकडे जाईल, तोंडाकडे येणार नाही. वस्तूची वरची कड बफला लावू नये. तिथेच बफ वस्तू हिसकावून घेतो. साखळी, तार, चिंधी बफजवळ आणू नये. डोळ्यांवर चष्मा, नाका-तोंडावर मास्क हवा, पण हातमोजे घालू नयेत. मोजा गुंतला की बोट त्याच्यामागून जाते. भगिनींनी पदर-ओढणी खोचावी, केस बांधावेत. काम स्वयंपाकाच्या जागी करू नये, कारण पितळेत शिसे असू शकते. लहान मुलांना लांब ठेवावे आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला आडोसा घालण्याचे बंधन मालकावर घातले. घरच्या कारखान्यात मात्र निरीक्षक येत नाही. मालक आपण, मजूर आपण आणि निरीक्षकही आपणच. घाईच्या ऑर्डरीसाठी रात्री बारा वाजता डोळे चोळत बफसमोर उभे राहणारा कामगार आपला भाऊ, मुलगा किंवा पत्नी असते. गेलेले बोट कोणत्याही मजुरीने परत येत नाही.

धम्मपदाच्या मलवग्गात चांदीचा मळ थोडा थोडा करून काढणाऱ्या कारागिराची उपमा आहे. बफवरही तेच खरे. वस्तू दाबू नका, हलका हात ठेवा, थांबून पाहा. चकाकी जोराने येत नाही, धीराने येते.

जयभीम! नमो बुद्धाय!