कानापुढची बिजागरी

बालमित्रांनो,

आज आधी एक प्रयोग. दोन्ही तर्जन्या कानांच्या अगदी पुढे टेकवा. आता तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी हललं ना? तो तुमच्या जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो फिरतो, आणि तोंड मोठं उघडलं की पुढे सरकतोही. म्हणून तर अख्खा पेढा एका घासात जातो!

आता हात धुऊन मधली तीन बोटं एकावर एक धरा आणि दातांमध्ये मावतात का पाहा. बहुतेकांची मावतील. पण काही मुलांचं एक बोटही आत जात नाही. लहानपणी हनुवटीवर जोरात आपटल्यानं, किंवा कानातला जंतुसंसर्ग आत पसरल्यानं, हा सांधा कधी कधी कवटीच्या हाडाशी जुळून बसतो. मग पोळीचे बारीक तुकडे करून आत सरकवावे लागतात. जबड्याची वाढ खुंटते. हनुवटी मागे राहते.

“पण याचा श्वासाशी काय संबंध?” सांगतो. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. हनुवटी मागे, तर जीभही मागे. आणि जिभेच्या मागेच आहे श्वासाची वाट! झोपेत स्नायू सैल पडले की ही वाट आणखी अरुंद होते. मूल घोरतं, मधेच श्वास अडतो, दचकून जाग येते. रात्रभर अशी ओढाताण झाल्यावर ते वर्गात पेंगणारच. अशा मित्राला ‘झोपाळू’ म्हणून चिडवू नका हं!

यावर उपाय आहे. आजीचा गुडघा बदलतात ना, तसा जबड्याचा सांधाही बदलता येतो. त्यात वरची वाटी खास टणक प्लॅस्टिकची आणि खालचा भाग धातूचा असतो. पण नुसता सांधा मोकळा करून भागत नाही. तोंड उघडू लागलं, तरी हनुवटी मागेच राहिली तर श्वासाची अडचण तशीच राहते, कधी वाढतेही. म्हणून गरज असेल तिथे डॉक्टर जबडा पुढेही आणतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागची वाट रुंदावते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांची इथे खरी कसोटी. तोंड उघडतच नाही, मग श्वासाची नळी घालायची कुठून? बारीक, लवचिक दुर्बिणीच्या मदतीनं ती नाकातून घालतात.

धातूचा सांधा मात्र तुमच्यासारखा वाढत नाही! म्हणून तो सहसा मोठ्या माणसांत बसवतात. लहान मुलांमध्ये बऱ्याचदा त्यांच्याच बरगडीचा कूर्चेसह तुकडा वापरतात; तो वाढू शकतो. पुढे तोंड उघडण्याचे व्यायाम महिनोन् महिने करावे लागतात. दुखतं म्हणून ते टाळले, तर सांधा पुन्हा आखडू शकतो.

आईबाबा, मूल हनुवटीवर पडलं तर जखमेला टाके घालून थांबू नका, सांधाही तपासून घ्या. तोंड कमी उघडू लागलं, किंवा झोपेत श्वास अडतोय असं वाटलं, तर वाट पाहू नका. रोज घोरणारं मूल गाढ झोपलंय, असं समजू नका.

तुमचा,
डॉक्टरकाका