ओवाळणी आणि हक्कसोड



या अंकाच्या बैठकीत आमचं चांगलंच वाजलं. विषय होता लाडकी बहीण योजना आणि तिच्यावर निवडणूक जिंकणारे 'लाडके भाऊ'. 'पंधराशे रुपयांत बायकांची मतं विकत घेतली' हे वाक्य आमच्यापैकी एकीने उच्चारलं, आणि वस्तीतल्या बचत गटाचं काम वीस वर्षं सांभाळणाऱ्या आमच्या मावशी उसळल्या. "मी दिलंय मत त्यांना. विकलेलं नाही, दिलंय. आधी विचारा तरी का दिलं."

विचारायला हवंच होतं. आपण चळवळीतल्या बायका 'बाईचं ऐकून घ्या' असं जगाला सांगतो, आणि बाईने आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाचं बटण दाबलं की ती अडाणी, भुललेली, विकली गेलेली ठरते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या मतदानाचं प्रमाण २०१९ च्या सुमारे ५९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं. इतक्या बाया एकाच वेळी भुलल्या असं म्हणणं सोपं आहे, पण ते आपल्या कामाच्या मुळावर येणारं आहे.

मावशींचं म्हणणं साधं होतं. नवऱ्याच्या हाताकडे न बघता स्वतःच्या खात्यात आलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला नियमित पैसा. त्यातून त्यांनी गुडघ्याची औषधं आणली आणि नातीला दप्तर घेतलं. त्याआधी मार्च २०२३ मध्ये एसटीचं तिकीट बायकांना निम्मं झालं, तेव्हा त्या कित्येक वर्षांनी कुणाला न विचारता माहेरी जाऊन आल्या होत्या. "आणि तो माणूस रिक्षा चालवून वर आलाय. बोलला की आपल्यातला वाटतो." शेजारची तरुण मुलगी म्हणाली, "मला त्याचं कौतुक नाही. पण दुसरे तरी काय देत होते?" हे दुसरेही, आठवत असेल, तीन हजार देऊ म्हणत होते! म्हणजे योजनेला रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांनी शेवटी बोलीच वाढवली.

आता डावपेचांकडे बघू. २०२४ च्या लोकसभेत महायुतीला राज्यातल्या ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. निकाल ४ जूनला लागला आणि २८ जूनला योजनेचा शासन निर्णय निघाला. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार जमा झाले, ऑक्टोबरमध्ये आचारसंहिता लागण्यापूर्वी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते आगाऊ पोचले, २० नोव्हेंबरला मतदान झालं. सत्तेतल्या तीन पक्षांत श्रेयावरून ओढाताण इतकी, की एकाच्या जाहिरातीत 'मुख्यमंत्री' हा शब्द गळायचा, तर दुसऱ्याने यात्रेसाठी गुलाबी जाकिटंच शिवून घेतली. २८८ पैकी २३० जागा त्यांच्या पदरात पडल्या.

कल्पना मध्य प्रदेशची. तिथे शिवराजसिंह चौहान स्वतःला 'मामा' म्हणवत आले. २००७ ची लाडली लक्ष्मी, मग मार्च २०२३ मध्ये स्वतःच्या वाढदिवशी जाहीर सुरुवात केलेली लाडली बहना. महिना एक हजार, रक्षाबंधनाला जास्तीचे अडीचशे, पुढे टप्प्याटप्प्याने तीन हजारांचं वचन. त्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या, आणि डिसेंबरात मुख्यमंत्री झाले मोहन यादव. मामांच्या गळ्यात पडून रडणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. वर्षभराने महाराष्ट्रात तेच घडलं. ५ डिसेंबर २०२४ ला भाऊ उपमुख्यमंत्री झाले. बहिणींनी ज्याला बघून मत दिलं तो माणूस खुर्चीवर कोण बसणार हे ठरवू शकत नाही, मग बहिणी कुठून ठरवणार? मावशींना हे लागलं. "आमच्या भावाला बाजूला सारलं," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हालाही." त्या गप्प झाल्या, पण पटलं असं मी म्हणणार नाही.

मला खरी अडचण वाटते ती नात्याच्या भाषेची. 'लाभार्थी' हा शब्द मी समाजकार्याच्या वर्गात शिकले तेव्हाही तो खटकायचा, कारण त्यात बाई फक्त हात पुढे करते. पण लाभार्थी निदान अर्ज करते, नाकारलं तर अपील करते. बहीण भावावर अपील कुठे करणार? ओवाळणी किती आणि केव्हा, हे भावाच्या मनावर असतं. आणि भावाचं नातं आपल्या खेड्यापाड्यांत तलाठ्याच्या कचेरीपर्यंत जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला. त्यानंतर गावोगाव काय झालं? भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो, साडी नेसवतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. सही न करणारीचं माहेर तुटतं. बहिणी सही करतात ती जमिनीची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून त्या ती किंमत मोजतात. मावशींनीही केली आहे.

हाच व्यवहार इथे दिसतो. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळांवर उतरले. बालेवाडीत योजनेचा मोठा सोहळा होऊन तीनच दिवस झाले होते. पंधराशे नकोत, मुलींना सुरक्षा द्या, अशा अर्थाचे फलक तिथे होते. म्हणजे काय सोडून काय घेतलं जातंय, हे लोकांनाही कळत होतं. प्रचारात एका खासदाराने योजनेचे पैसे घेऊन विरोधकांच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढा, असं सांगितलं. नंतर माफी मागितली खरी, पण ओवाळणी घालणारा भाऊ बहिणीचं येणंजाणंही मोजतो, ते तेवढ्यात दिसून गेलं. आणि इतक्या बहिणी मतदानाला बाहेर पडल्या, त्या विधानसभेत निवडून आलेल्या स्त्रिया २१. त्याआधीच्या निवडणुकीत २४ होत्या.

निवडणुकीनंतरचा हिशेबही मावशींसमोर मांडला. एकवीसशेचं वचन होतं, वर्ष उलटलं तरी हप्ता पंधराशेच राहिला. सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागांचा निधी २०२५ मध्ये या योजनेकडे वळवला गेला, म्हणजे एका बहिणीच्या ताटातलं दुसरीला. छाननीत लाखो नावं थांबवली गेली. त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले, ते ठीकच. पण सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसीसाठी लग्न झालेलीकडे नवऱ्याचं आणि न झालेलीकडे वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा आमच्या केंद्रावर रांग लागली ती टाकून दिलेल्या बायकांची. योजनेच्या शासन निर्णयात परित्यक्ता पात्र म्हणून लिहिलेली आहे. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा कागद असतो. परित्यक्तेकडे कसला कागद? दहा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी तिने कुणाकडून मागायचा? परित्यक्तेला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून नव्वदच्या दशकात चळवळ झगडली, आणि २०२५ मध्ये तिला पुन्हा नवऱ्याच्या दाराशी पाठवलं.

मग योजना बंद करा म्हणायचं का? नाही. बाईच्या खात्यात थेट पैसा गेला पाहिजे, घरकामाचं मोल कुणीतरी मोजलं पाहिजे, हे आपणच तीस वर्षं म्हणत आलो. फरक एवढाच, की तो रोजगार हमीसारखा असावा. १९७७ च्या त्या कायद्यात काम मागण्याचा हक्क लिहिलेला होता, आणि खडी फोडणाऱ्या बायकांनी तहसीलवर मोर्चे नेले ते त्या जोरावर. सरकार कुणाचंही असो, मागणी करायला भाऊ लागत नव्हता. आंध्रात नेल्लोरच्या बायकांनी १९९२ मध्ये गावठी दारूविरुद्ध पेट घेतला, एन. टी. रामाराव यांनी तो मुद्दा उचलून १९९४ ची निवडणूक जिंकली, दारूबंदी आणली. त्यांच्यानंतरच्या, त्यांच्याच पक्षाच्या सरकारने १९९७ मध्ये ती उठवली. तिथे निदान मागणी बायकांची होती.

मावशी अजूनही त्यांच्याच बाजूच्या आहेत. पण ई-केवायसीच्या रांगेतल्या सात परित्यक्तांचे अर्ज त्यांनी स्वतः बसून लिहिले आणि अंगणवाडीताईंना घेऊन तालुक्याला गेल्या. तुमच्या गावात, वस्तीत हप्ता थांबलेल्या एकट्या बाया किती, कुठल्या कागदावर अडल्या, कार्यालयात काय उत्तर मिळालं, हे आम्हाला कळवा. नावं नकोत, तालुका आणि अडचण पुरे. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत, आणि जमेल तितकं महिला व बालविकास खात्याकडेही नेणार आहोत.